सीमेचे दुसरे टोक

(करकंब, ता. पंढरपूर येथे सीमासुरक्षा आणि घुसखोरी या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



आज दुपारी टेंभुर्णीहून इकडे येताना एस.टी.त शेजारी एक वयस्कर शेतकरी बसले होते. त्यांनी विचारले, ‘‘कुठं निघालात?’’ करकंबला व्याख्यान आहे, असे मी सांगितले. ‘‘इषय काय?’’ म्हटले, ‘‘देशाची सरहद्द.’’ त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘आमच्यात बांधावरनं भांडणं हायती बगा, पर सरहद्द काय आमच्याकडं न्हाई.’’

त्यांचे म्हणणे वरवर पाहता खरेच आहे. बांगलादेशाची सीमा इथून दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर. मग घुसखोरीच्या प्रश्नाचा करकंबशी संबंध काय? तो आसामचा प्रश्न असेल, बंगालचा असेल, फार तर मुंबईचा असेल. आपण वर्तमानपत्रात वाचावे, हळहळावे आणि पान उलटावे, अशीच आपली बहुतेकांची समजूत असते. ती समजूत दूर व्हावी, एवढ्याचसाठी मी आज इथे उभा आहे.

सीमेला दोन टोके असतात. एक टोक तारेच्या कुंपणापाशी असते. तेथे सीमा सुरक्षा दलाचा जवान उन्हातान्हात, धुक्यात, पुरात उभा असतो. दुसरे टोक ग्रामपंचायतीच्या टेबलावर असते. जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत, रहिवासाच्या दाखल्यात, शिधापत्रिकेच्या अर्जात आणि मतदारयादीत ते असते. कुंपण ओलांडून आत आलेला मनुष्य अजून परकाच असतो. त्याला ‘इथला’ करण्याचे काम हे दुसरे टोक करते. पहिल्या टोकाचे रक्षण जवान करतो. दुसऱ्या टोकाचे रक्षण कोणी करायचे, हा खरा प्रश्न आहे.

आपणही सीमावासीच होतो

सोलापूर जिल्ह्यातील आपण माणसे स्वतःला सीमावासी समजत नाही. परंतु १९४८ पर्यंत आपण सीमेवरच राहत होतो, हे आज किती जणांच्या लक्षात आहे? परांडा निजामाच्या राज्यात, बार्शी इंग्रजांच्या मुलखात. नळदुर्ग तिकडे, सोलापूर इकडे. तिकडे हाली सिक्का, इकडे कलदार रुपया. माल न्यायचा तर वाटेत करोडगिरीचा नाका. कुर्डुवाडीहून सुटणारी बार्शी लाईटची गाडी लातूरला पोहोचायची ती दुसऱ्या राज्यातच.

१५ ऑगस्ट १९४७ ला इकडे तिरंगा फडकला आणि तिकडे तो फडकवणाऱ्यांना तुरुंग पाहावा लागला. नोव्हेंबरात ‘जैसे थे’ करार झाला, तरी रझाकारांचे अत्याचार थांबले नाहीत. माणसे घरदार सोडून सोलापूर-बार्शीच्या आश्रयाला आली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या कार्यकर्त्यांचे कॅम्प सरहद्दीलगत उभे राहिले. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या सैन्याची मुख्य फळी सोलापूरच्या बाजूनेच नळदुर्गाकडे सरकली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली आणि ती सीमा पुसली गेली.

माझी आई त्या सीमेपलीकडची. तिचा जन्म १९४७ सालचा. ती काही महिन्यांची असताना आजोबांनी एका रात्री बैलगाडी जुंपली आणि बायको-लेकरांना घेऊन ते अलीकडे आले. बरोबर काय आणले? दोन पितळी भांडी, गोधड्या आणि एक पोथी. आईच्या जन्माची नोंद कोणत्याही दप्तरात सापडली नाही. ती होती त्या पोथीच्या शेवटच्या पानावर, आजोबांच्या अक्षरात. तिथी, वार आणि नक्षत्र. एवढाच माझ्या आईच्या जन्माचा लेखी पुरावा.

२०११ साली या पुराव्याची गाठ सरकारी कायद्याशी पडली. माझी धाकटी बहीण परदेशी असते. आईने तिच्याकडे जायचे ठरले आणि व्हिसाच्या कागदांत जन्मदाखला मागितला गेला. मी एका तालुक्याच्या ठिकाणी गेलो. कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक गृहस्थ आपणहून जवळ आले. म्हणाले, ‘‘कशाला हेलपाटे घालता साहेब? नाव सांगा, गाव सांगा, तारीख तुम्ही म्हणाल ती. परवा संध्याकाळी जन्म हातात.’’ मी विचारले, ‘‘आणि मूळ नोंद?’’ ते हसून म्हणाले, ‘‘ती पण आपलीच!’’

मी त्या वाटेने गेलो नाही. आईचा शाळेचा दाखला काढला, प्रतिज्ञापत्र केले, तिला लहानपणापासून ओळखणाऱ्या दोन वृद्धांचे जबाब झाले, चौकशी झाली, न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश झाला. या सगळ्याला सात महिने लागले. प्रामाणिकपणे सांगतो, त्या सात महिन्यांत मला अनेकदा राग आला. या देशात जन्मून चौसष्ट वर्षे झालेल्या बाईने आपला जन्म सिद्ध करीत का फिरावे, असे वाटले. परंतु एक विचार मला रात्री झोपू देत नसे. त्या टपरीवर माझ्या आधी कोण बसून गेले असेल? मी ‘नको’ म्हणालो. ‘हो’ म्हणणारे कोण होते? आणि ज्या वहीत माझ्या आईचे नाव सात महिन्यांच्या चौकशीनंतर लिहिले गेले, तशाच एखाद्या वहीत दोन दिवसांत किती नावे लिहिली गेली असतील?

पाच आठवड्यांची रेघ

आता सीमेच्या पहिल्या टोकाकडे वळू. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरहून थोडी अधिक आहे. आपल्या सर्व भूसीमांत ती सर्वांत लांब. पैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे २,२१६ किलोमीटर, एकट्या पश्चिम बंगालच्या वाट्याला येते. उरलेली त्रिपुरा, मेघालय, मिझोराम आणि आसाम यांच्या वाट्याला. ती आखली सर सिरिल रॅडक्लिफ यांनी. जुलै १९४७ मध्ये ते प्रथमच भारतात आले, पाच आठवड्यांत रेघ ओढून मोकळे झाले, आणि ती रेघ जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस उलटल्यावर. रेघ शेतातून गेली, घरांमधून गेली, नद्यांच्या पात्रातून गेली. नदी दरवर्षी कूस बदलते. तिच्याबरोबर वाळूची बेटेही हलतात. आज इथे असलेले बेट पुढच्या पुरानंतर दिसेलच असे नाही.

त्यात आणखी गुंता होता तो एन्क्लेव्हचा, म्हणजे एका देशाच्या पोटात अडकलेल्या दुसऱ्या देशाच्या गावांचा. भारताची १११ बेटे बांगलादेशात आणि त्यांची ५१ भारतात. तेथल्या माणसांना ना या देशाची शाळा, ना त्या देशाचे पोलीस. १९७४ च्या करारापासून रेंगाळलेला हा प्रश्न २०१५ मध्ये शंभराव्या घटनादुरुस्तीने मिटला आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री ती गावे अदलाबदल होऊन आपापल्या देशात सामील झाली. मनावर घेतले तर सीमेचे प्रश्न सुटतात, याचे हे उदाहरण आहे. पण त्याला एक्केचाळीस वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

कुंपणाचे काम गेली अनेक वर्षे चालू आहे. संसदेत २०२५ साली दिलेल्या माहितीनुसार सुमारे ३,२०० किलोमीटर कुंपण झाले होते आणि साडेआठशेहून अधिक किलोमीटर बाकी होते. त्यांतील काही भागात नद्या, दलदल आणि डोंगर यांमुळे तारेचे कुंपण घालणे शक्यच नाही. तेथे कॅमेरे, संवेदक आणि बोटी यांवर भिस्त ठेवावी लागते. कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेवर नसते. नियमाने ते दीडशे यार्ड आत असते. त्यामुळे आपल्याच अनेक शेतकऱ्यांची शेते कुंपणापलीकडे गेली. फाटक ठराविक वेळी उघडते, ओळखपत्र दाखवून पलीकडे जायचे आणि फाटक बंद होण्याआधी परतायचे. आपल्या उसाला रात्री पाणी द्यायला वीज येते म्हणून आपण वैतागतो. त्या शेतकऱ्याला तर रात्री शेतात जाताच येत नाही. देशाच्या कुंपणाची किंमत तो दररोज मोजतो आहे.

आसामचा धडा

घुसखोर किती आहेत? २००४ मध्ये केंद्रीय गृहराज्यमंत्र्यांनी राज्यसभेत एक कोटी वीस लाखांचा आकडा सांगितला आणि लगेच तो विश्वासार्ह नसल्याची सारवासारवही झाली. २०१६ मध्ये दुसऱ्या गृहराज्यमंत्र्यांनी त्याच सभागृहात दोन कोटींचा आकडा दिला. दोन्ही वेळची सरकारे वेगळ्या पक्षांची होती. मी आज तुम्हाला तिसरा आकडा सांगणार नाही. ज्या राष्ट्राला आपल्या घरात पाहुणे किती आणि घरचे किती हे खात्रीने सांगता येत नाही, त्याच्या दप्तरात काहीतरी मुळातून बिघडले आहे, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

हा बिघाड कोठे नेतो, ते आसामने भोगले. १९७९ मध्ये मंगलदोई लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक लागली. मतदारयादी तपासताना हजारो नावांवर हरकती आल्या आणि त्यातून सहा वर्षांचे आंदोलन पेटले. विद्यार्थी रस्त्यावर आले, रक्त सांडले. ध्यानात घ्या, ठिणगी कुंपणावर पडली नव्हती. ती मतदारयादीवर पडली होती.

फेब्रुवारी १९८३ मध्ये नेल्ली येथे एका दिवसात सुमारे दोन हजार माणसे मारली गेली. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. राष्ट्रहिताची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने नेल्लीची आठवण ठेवली पाहिजे. कोण नागरिक आणि कोण परका, हे शासनाने कायद्याने ठरवले नाही की ते जमाव ठरवतो. आणि जमावाच्या हातात नोंदवही नसते, कोयता असतो.

त्याच वर्षी संसदेने आसामपुरता एक वेगळा कायदा केला. देशभर १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यानुसार, ज्याच्यावर संशय आहे त्याने आपण भारतीय आहोत हे दाखवायचे. आसामात उलटे झाले. तक्रार करणाऱ्यानेच पुरावा आणायचा! परिणाम काय झाला? २००० सालापर्यंत तीन लाखांहून अधिक प्रकरणांची चौकशी झाली. सुमारे दहा हजार जण घुसखोर ठरले. प्रत्यक्ष देशाबाहेर गेले ते जेमतेम दीड हजार. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला आणि बाह्य आक्रमणापासून राज्याचे रक्षण करणे हे केंद्राचे घटनात्मक कर्तव्य असल्याची आठवण करून दिली. मतपेढीच्या हिशेबापायी बावीस वर्षे वाया गेली, ती गेलीच.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली आसामात नागरिक नोंदणी झाली. सुमारे तीन कोटी तीस लाख अर्जदारांपैकी १९ लाख ६ हजार ६५७ जण ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम यादीबाहेर राहिले. समाधान कोणाचेच झाले नाही. घुसखोर आत राहिले, असे काहींचे म्हणणे. खरे भारतीय बाहेर राहिले, असे काहींचे म्हणणे. बाहेर राहिलेल्यांत हिंदूही मोठ्या संख्येने होते. असे का झाले? विवाहित स्त्रियांचेच उदाहरण घ्या. माहेरशी नाते दाखवायला त्यांनी ग्रामपंचायत सचिवांचे दाखले जोडले होते. ते दाखले मानायचे की नाही, हा वाद २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मूळ नोंदीशी पडताळून मगच ते ग्राह्य धरा, असे ठरले. लाखो स्त्रियांचे नागरिकत्व एका ग्रामपंचायतीच्या शिक्क्यावर अडकले होते! म्हणूनच मी म्हणतो, सीमेचे दुसरे टोक गावात असते.

महाराष्ट्रातील चार प्रसंग

आता आपल्या घराकडे येऊ.

पहिला प्रसंग १९९३ चा. रायगड जिल्ह्यातील दिघी आणि शेखाडी येथे समुद्रमार्गे शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत स्फोटमालिका झाली आणि २५७ माणसे गेली. खटल्यात सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतील काही जणही दोषी ठरले. समुद्रावरची फट शत्रूने पाडली नव्हती; ती आपल्या माणसांनी विकली होती.

दुसरा प्रसंग जुलै १९९८ चा. मुंबई पोलिसांनी बांगलादेशी म्हणून पकडलेल्या काही जणांना कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने सीमेकडे नेले जात होते. पश्चिम बंगालमधील उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवली आणि त्यांना सोडवून नेले. एका बाजूला ‘हे परके आहेत’, दुसऱ्या बाजूला ‘हे आमचे बंगाली आहेत’. दोन राज्ये, दोन सरकारे आणि निवाडा करणारा विश्वासाचा कागद कोणाकडेच नाही.

तिसरा प्रसंग जानेवारी २०२५ मधला. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात बदल झाला. वर्षाहून अधिक विलंबाने होणाऱ्या नोंदीचा आदेश पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. तो अधिकार आता महसूल यंत्रणेकडे आला. लोकांचे हेलपाटे वाचावेत, हा हेतू चांगलाच होता. परंतु मालेगावात खोट्या कागदांवर असे दाखले दिल्याचे आरोप झाले. विशेष तपास पथक नेमले गेले, तेथील तहसीलदार आणि नायब तहसीलदार निलंबित झाले, राज्यभर विलंबित दाखले थांबले आणि मार्चमध्ये नवी, कडक कार्यपद्धती आली. दाखला घेणारा प्रत्येक जण परकीय होता, असे कोणीही म्हणू नये. माझ्या आईसारखी माणसेही त्यांत असणारच. पण टपरीवरच्या त्या गृहस्थाचा धंदा किती दूरवर पसरू शकतो, हे त्या वेळी महाराष्ट्राच्या ध्यानात आले.

चौथा प्रसंग जून २०२५ चा. तो सांगितला नाही, तर मी अर्धसत्य सांगितल्यासारखे होईल. महाराष्ट्रात पकडून सीमेपलीकडे पाठवलेले पश्चिम बंगालचे काही मजूर भारतीयच असल्याचे निष्पन्न झाले आणि त्यांना परत आणावे लागले. गरीब माणसे, बोलण्यात बंगाली वळण, जवळचे कागद पोलिसांना पटले नाहीत. काहीजण याकडे ‘ओल्याबरोबर सुके जळते’ म्हणून पाहतात. मी तसे पाहू शकत नाही. आपल्या सरकारने आपल्याच नागरिकाला देशाबाहेर लोटावे, हा त्या मजुराचा जितका अपमान आहे तितकाच भारतीय नागरिकत्वाचाही आहे.

मालेगावचा प्रसंग आणि हा प्रसंग परस्परविरुद्ध वाटतात. दोन बाजू दोन प्रसंगांचे झेंडे करून एकमेकांवर धावून जातात. मला तर दोन्हींचे मूळ एकच दिसते. कागद विकत मिळू लागला की कागदावरचा विश्वास उडतो. विश्वास उडाला की खऱ्या माणसाचा खरा कागदही खोटा वाटू लागतो. जी लबाडी घुसखोराला नागरिक बनवते, तीच लबाडी उद्या नागरिकाला घुसखोर ठरवते.

शरणार्थी आणि घुसखोर

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. भारत हा शरण आलेल्याला पाठीशी घालणारा देश आहे आणि महाराष्ट्राने तो धर्म पाळला आहे. सिंध सोडून आलेल्या बांधवांसाठी कल्याणच्या लष्करी छावणीत वसाहत उभी राहिली. १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा-चामोर्शी भागात जमिनी मिळाल्या. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी बांधवांची वसाहत आहे. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी माणसे पूर्व पाकिस्तानातून भारतात आली. तो भार देशाने पेलला आणि त्यांतील बहुसंख्य पुढे परत गेली.

या सर्वांत समान काय होते? ती माणसे दाराने आली. त्यांची नोंद झाली, छावणी झाली, शासनाने निर्णय घेतला. डिसेंबर २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून २०१४ अखेरपर्यंत आलेल्या सहा अल्पसंख्य समाजांना नागरिकत्वाची वाट दिली; मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम झाले. त्यावर वाद झाले, न्यायालयात आव्हानही दिले गेले. पण कोणाला घ्यायचे हे राष्ट्राने उघडपणे, कायद्याने ठरवावे, हे तत्त्व वादातीत असायला हवे. आश्रय देणे हा यजमानाचा अधिकार आहे. खिडकीतून शिरलेल्याने तो गृहीत धरायचा नसतो.

आणि नागरिकत्व धर्म किंवा भाषा विचारून ओळखायचे नसते. ज्या मुसलमान कुटुंबाच्या पणजोबांचे नाव गावच्या जुन्या दप्तरात आहे, ते कुटुंब या मातीचे आहे. सोलापूरच्या मागांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेला तेलुगूभाषक पद्मशाली इथलाच. गळिताच्या हंगामात करकंबच्या साखर कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या बीडकडच्या टोळ्या इथल्याच, आणि बांधकामावर आलेला मुर्शिदाबादचा गवंडीही भारतीयच. देशात कोठेही जाऊन राहण्याचा अधिकार त्याला घटनेने दिला आहे. आषाढीला कर्नाटक-तेलंगणातून पंढरीला येणाऱ्या वारकऱ्याला आपण कागद विचारत नाही, विचारूही नये. वेगळा बोलतो म्हणून परका, हे समीकरण मांडणारा माणूस खऱ्या घुसखोराचे काम सोपे करतो. कारण आपली सारी शक्ती तो भलत्याच दारावर खर्च करतो.

आपला हात किती स्वच्छ?

बंधू-भगिनींनो, सरकारला दोष देणे सोपे असते. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला. चार जुने कायदे जाऊन एक आला. वैध कागदाविना देशात शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. खोटे पारपत्र किंवा व्हिसा वापरणाऱ्याला किमान दोन आणि कमाल सात वर्षे. कायदा कडक आहे. परंतु कायद्याच्या आधी आपण येतो.

आपल्या गावातील किती जणांनी ‘ओळखीचा आहे’ म्हणून न पाहताच रहिवासाच्या कागदावर साक्षीदाराची सही केली आहे? किती ठेकेदारांनी ‘स्वस्तात मिळतो, तोंड वर करीत नाही’ म्हणून नाव-गाव न विचारता मजूर ठेवला? मुंबई-पुण्यातील आपल्या सुशिक्षित नातेवाइकांनी घर भाड्याने देताना पोलिसांत नोंद केली का? तो स्वस्त मजूर सुखात असतो असेही नाही. दलालाला पैसे देऊन आलेला, कायद्याला घाबरणारा, म्हणून कमी मजुरीतही गप्प बसणारा. त्याच्या असहायतेवर नफा कमावणारे आपलेच असतात. त्याची मजुरी आपल्या भूमिपुत्राची मजुरी पाडते, तो तोटाही आपलाच.

आपल्याकडे जुन्या दप्तराची किंमत नव्याने कळली आहे. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावी मोडी वाचणाऱ्यांना शोधत लोक फिरले. गाव नमुना चौदाचा जीर्ण कागद सोन्यासारखा झाला. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या प्रामाणिक पाटलाने, कुलकर्ण्याने किंवा कोतवालाने केलेली एक ओळ आज चार पिढ्यांच्या कामी येते! आज आपण जी ओळ लिहितो, ती शंभर वर्षांनी कोणाच्या तरी कामी येणार आहे. ती खोटी असेल, तर तीही शंभर वर्षे टिकेल.

मग करायचे काय? फार मोठे काही नाही. घरात जन्म किंवा मृत्यू झाला की एकवीस दिवसांच्या आत नोंद करा. मतदारयादी गावात लागते तेव्हा ती वाचा. मृतांची नावे कमी करायला अर्ज द्या. खऱ्या मतदाराचे नाव राहिले असेल तर तो कोणत्याही जातीचा, धर्माचा असो, त्याला अर्ज भरून द्या. गावातील ज्या वृद्धांच्या जन्माची नोंद नाही, त्यांना योग्य मार्गाने ती मिळवून देणे, हे तरुणांसाठी एक मोठे सेवाकार्य आहे. संशय आला तर पोलीस पाटलांना सांगा, पोलीस ठाण्याला कळवा. पण स्वतः कोणाचे कागद तपासायला जाऊ नका, कोणाच्या दारात घोळक्याने उभे राहू नका. ते काम कायद्याचे आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे, टपरीवरच्या त्या गृहस्थाला ‘नको’ म्हणा. आपले काम खरे असले, घाई असली, तरीही नको म्हणा.

हिरकणीचा बुरूज

रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सूर्यास्ताला गडाचे दरवाजे बंद झाले. दूध घालायला आलेली गवळण आत अडकली. घरी तान्हे बाळ. पहारेकऱ्यांनी नियम मोडला नाही, आणि ती माउली अंधारात कडा उतरून गेली. ही गोष्ट आपण आईच्या मायेची म्हणून सांगतो, ते योग्यच आहे. परंतु शिवछत्रपतींनी पुढे काय केले, याकडेही लक्ष द्या. दरवाजा वेळेवर बंद करणाऱ्या पहारेकऱ्याला त्यांनी दोष दिला नाही. हिरकणीला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला. आणि जिथून ती उतरली, त्या जागी बुरूज बांधून ती वाट बंद केली. आज जिथून आई उतरू शकते, तिथून उद्या शत्रू चढू शकतो, हे त्यांनी ओळखले. शिस्त, दया आणि दक्षता या तिन्ही गोष्टी एकाच राज्यकर्त्याच्या ठायी असू शकतात, हे त्या कथेचे सार आहे.

शेवटी पुन्हा आईकडे येतो. दाखला मिळाला, व्हिसा मिळाला, तिला घेऊन मी परदेशी गेलो. विमानतळावर लांब रांग होती. तासाभराने आमचा क्रमांक आला. खिडकीतल्या अधिकाऱ्याने तिचा कागद पाहिला, चेहरा पाहिला, दोन प्रश्न विचारले आणि शिक्का मारला. ती थकली असेल, चिडली असेल, असे मला वाटले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘त्यांनी विचारलं, ते मला बरं वाटलं रे. याचा अर्थ या घराला दार आहे.’’

ज्या बाईने तान्हेपणी एक सीमा रात्रीच्या अंधारात ओलांडली, ती हे म्हणाली. आपल्या घरालाही दार असावे, ते मजबूत असावे, आणि त्या दारावरच्या माणसाने खऱ्याला खरे व खोट्याला खोटे म्हणावे. हे दार केवळ बंगालच्या सीमेवर नाही. करकंबच्या ग्रामपंचायतीतही आहे. उद्या सकाळी ती कचेरी उघडेल, तेव्हा सीमेवरच्या जवानाइतकेच तेथे बसणाऱ्याचे आणि तेथे जाणाऱ्या आपणा सर्वांचे उत्तरदायित्व आहे, हे मनात ठेवावे, एवढी विनंती करतो आणि थांबतो.

भारत माता की जय!